झाकण मिटलं तरी पंखा फिरतोच : लॅपटॉपची रेंगाळणारी स्लीप आणि हायबरनेट

‘लॅपटॉप स्लीपला जायला वेळ लावतो’ या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एकाचा लॅपटॉप मिटल्यावर स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि पॉवरचा दिवा पुढे मिनिटभर चालूच राहतो. दुसऱ्याचा झटक्यात झोपतो, पण उघडल्यावर काळ्या स्क्रीनकडे बघत बसावं लागतं. तिसऱ्याने हायबरनेट (काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं) दाबलं की डिस्कचा दिवा थांबायचं नाव घेत नाही. चौथ्याला सगळं ठीक वाटतं, आणि तासाभराने बॅगेतून लॅपटॉप काढावा तर तो तापलेला आणि बॅटरी अर्धी संपलेली. चौघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. सल्ला मात्र चौघांना एकच मिळतो : ड्रायव्हर अपडेट करा, नाहीतर फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारून डिस्कचा खराब सेक्टर बरा होत नाही आणि कार्ड रीडरचा बिघडलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा परत तोच बसतो. एक दिवस मात्र वाया जातो. म्हणून आधी मोजायचं. मोजण्यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. विंडोज दर वेळी घड्याळ लावून, मिलिसेकंदात, कुठला टप्पा किती वेळ चालला हे लिहून ठेवतं. ही नोंद बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसते.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे. लिनक्सवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या. ‘पॉवरसीएफजी’ म्हणजे ‘पॉवर’ या शब्दाला सी, एफ, जी ही तीन अक्षरं चिकटवून. तिच्यानंतर एक जागा सोडायची आणि मग तिरपी रेघ. स्टार्टवर उजवं क्लिक करून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट ‘अ‍ॅडमिन’ म्हणून उघडा, साध्या खिडकीत यातल्या बऱ्याच आज्ञा नकार देतात.

झाकण मिटल्यावर काय काय घडतं

हे एकदा समजलं की अर्धं निदान आपोआप होतं. झाकण मिटल्यावर विंडोज आधी चालू प्रोग्रॅम्सना सांगतं की आता झोपायचंय, जे आवरायचं ते आवरा. त्यासाठी त्यांना साधारण २ सेकंद मिळतात. मग सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, मग डिस्कच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकलेला डेटा डिस्कवर लिहिणं. त्यानंतर सगळ्यात नाजूक टप्पा येतो, तो ड्रायव्हर्सचा. प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर आपलं उपकरण बंद करतो आणि ‘झालं’ असं कळवतो. उपकरणं झाडासारखी जोडलेली असतात : यूएसबी कंट्रोलर, त्याला हब, हबला माऊस आणि पेनड्राइव्ह. झोपताना आधी पानं, मग फांद्या, शेवटी खोड. पेनड्राइव्ह ‘झालं’ म्हणत नाही तोवर हब थांबतो, हब थांबला की कंट्रोलर थांबतो, आणि कंट्रोलरसाठी सगळा लॅपटॉप. पन्नास हजारांचं यंत्र एका पेनड्राइव्हपायी खोळंबतं ते असं.

ड्रायव्हर्स आटोपले की ताबा बायोसकडे, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमकडे, जातो. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये, म्हणजे एस३ मध्ये, फक्त रॅमला वीज राहते, बाकी सगळं बंद. हायबरनेटमध्ये त्याआधी रॅममधला मजकूर दाबून सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल डॉट सिस’ या लपवलेल्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि वीज पूर्ण तुटते. उठताना क्रम उलटा : बायोस, फाइल वाचणं, मग खोडाकडून पानांकडे ड्रायव्हर्स.

तुमच्या लॅपटॉपला कुठली झोप येते

पॉवरसीएफजी /ए

ही आज्ञा द्या. वरच्या यादीत उपलब्ध प्रकार येतात, खालच्या यादीत नसलेले आणि ते का नाहीत याचं कारण. वर ‘स्टँडबाय एस३’ दिसलं तर जुनी, खरी झोप आहे. ‘स्टँडबाय एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर तुमचा लॅपटॉप मॉडर्न स्टँडबायचा आहे. तो मोबाइलसारखा नुसता डुलकी घेतो, प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एवढाच प्रकार असतो. एस३ त्यांच्या बायोसमध्ये ठेवलेलाच नाही. चौथी तक्रार, तापलेल्या बॅगेची, ही जवळजवळ नेहमी याच लॅपटॉपची असते.

स्लीपचा एकही प्रकार उपलब्ध नसेल आणि कारणात डिस्प्लेचा किंवा ‘अंतर्गत घटकाचा’ उल्लेख असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडून बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो बसवला की स्लीप परत येते. नव्याने विंडोज टाकलेल्या लॅपटॉपवर हे हमखास दिसतं.

नोंद उघडा

इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ आणि इव्हेंट सोर्समध्ये ‘पॉवर-ट्रबलशूटर’ निवडा. इव्हेंट आयडी १ च्या नोंदी येतील, प्रत्येक जागं होण्याची एक. वरवर फक्त झोपायची वेळ, उठायची वेळ आणि कोणी उठवलं एवढंच दिसतं, आणि बहुतेक जण इथेच खिडकी बंद करतात. खाली ‘डिटेल्स’ नावाचा टॅब आहे, त्यात ‘फ्रेंडली व्ह्यू’ घ्या. खरा माल तिथे आहे.

स्लीप ड्युरेशन म्हणजे झोपायला लागलेला वेळ. वेक ड्युरेशन उठायचा. त्याशिवाय ड्रायव्हर इनिट ड्युरेशन, बायोस इनिट ड्युरेशन, हायबर राइट ड्युरेशन, हायबर रीड ड्युरेशन, आणि शेवटी हायबर पेजेस रिटन, म्हणजे किती पानं डिस्कवर लिहिली. वेळ सगळी मिलिसेकंदात. म्हणजे १००० ला १ सेकंद.

समजा हायबरनेटनंतरच्या नोंदीत असे आकडे आले : हायबर राइट ३१,०००, हायबर पेजेस ७,८६,४३२, ड्रायव्हर इनिट १,४००, बायोस इनिट ९००. एक पान ४ केबीचं असतं, म्हणजे ७,८६,४३२ पानं म्हणजे बरोबर ३ जीबी. ३ जीबीला ३१ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण १०० एमबी. हा वेग ५४०० आरपीएमच्या फिरत्या हार्ड डिस्कचा नेहमीचा वेग आहे. अशा लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नाही, डिस्कच तेवढी धावते. ड्रायव्हर बदलून इथे एक सेकंदही वाचणार नाही. पण हाच आकडा एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान प्रकारच्या एसएसडीवर आला, तर डिस्कची नीट चौकशी करायला हवी. हिशेब ढोबळ आहे, कारण या वेळात रॅमचा मजकूर दाबण्याचं कामही येतं, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

निदान पाच-सहा नोंदी बघा, एकीवर भरवसा ठेवू नका. अपडेटच्या दिवशीचा आकडा फुगलेला असू शकतो.

मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपवर साध्या झोपेसाठी सिस्टिम लॉगमध्येच ‘कर्नल-पॉवर’ या सोर्सच्या ५०६ आणि ५०७ क्रमांकाच्या नोंदी असतात : पहिली आत जाण्याची, दुसरी बाहेर येण्याची.

झोपायलाच वेळ लागत असेल

स्लीप ड्युरेशन मोठा आहे, बाकी आकडे बरे आहेत. तर पहिल्यांदा हायब्रिड स्लीप बघा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनचे ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि स्लीपच्या खाली ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’. हे चालू असेल तर प्रत्येक साध्या झोपेच्या वेळीही सगळी रॅम डिस्कवर लिहिली जाते. वीज गेली तर काम वाचावं म्हणून डेस्कटॉपसाठी ती सोय आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला तिची गरज नाही. बंद करा. दहातल्या दोन-तीन तक्रारी इथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

ते आधीच बंद असेल तर दुसरी नोंदवही उघडायची. इव्हेंट व्ह्यूअरमध्येच अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. यात ३०० च्या घरातले क्रमांक झोपेचे. ३०१ असेल तर एखाद्या प्रोग्रॅमने उशीर केला, ३०२ असेल तर एखाद्या ड्रायव्हरने, आणि नोंदीत त्याचं नाव दिलेलं असतं. ३०४ म्हणजे हायबरनेटची फाइल तयार व्हायला वेळ लागला, ३०५ म्हणजे डिस्क कॅश रिकामी करायला. ३५० म्हणजे उठताना बायोस रेंगाळला, ३५१ म्हणजे उठताना एखादा ड्रायव्हर रेंगाळला. नाव मिळालं तर बाकीचा शोध संपला.

नाव नाही मिळालं तर हातानेच चाळण लावायची. यूएसबीला लावलेलं सगळं काढा, माऊसच्या वायरलेस डोंगलसकट. कार्ड रीडरमधलं कार्ड काढा. हे सांगूनही राहतं, कारण ते कार्ड आत जाऊन दिसेनासं होतं. नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असेल तर तोडा. आता रीस्टार्ट करा आणि तीनदा झोपवून बघा. आकडा खाली आला तर एकेक वस्तू परत लावत जा. बाहेरची हार्ड डिस्क गुन्हेगार निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका. तिचा कॅश रिकामा होणं, प्लॅटर (आतली तबकडी) थांबणं आणि उठताना परत गती घेणं, यात सहज ५ ते १० सेकंद जातात.

इथे ‘रीस्टार्ट’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स हायबरनेट होतात आणि सकाळी तेच जुने परत येतात. अडकलेला ड्रायव्हर शट डाऊनने सुटत नाही, रीस्टार्टने सुटतो. कित्येक जण ‘चार वेळा बंद-चालू केला’ असं सांगतात, आणि त्या चार वेळांत ड्रायव्हर एकदाही नव्याने सुरू झालेला नसतो.

बाहेरचं सगळं काढूनही फरक नाही, तर आतली उपकरणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकावेळी एकच ‘डिसेबल’ करायचं, झोपवायचं, आकडा बघायचा, परत ‘एनेबल’ करायचं. क्रम असा ठेवा : वाय-फाय, ब्लूटूथ, कार्ड रीडर, ऑडिओ, कॅमेरा, लॅनचं कार्ड, आणि असेल तर दुसरं ग्राफिक्स कार्ड. वाय-फाय आणि ब्लूटूथ पहिल्यांदा, कारण त्यांचे ड्रायव्हर सगळ्यात जास्त वेळा बदलतात आणि बहुधा दोन्ही एकाच चिपवर असतात. दोषी सापडला आणि त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. नवा ड्रायव्हर घ्यायचा असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून घ्या. चिपसेटचा ड्रायव्हर आधी, बाकीचे नंतर. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकट प्रोग्रॅम अजिबात नकोत.

ग्राफिक्स कार्डाबद्दल एक लक्षात ठेवा. झोपताना त्याच्या स्वतःच्या मेमरीतला मजकूर मुख्य रॅममध्ये हलवावा लागतो, कारण त्या मेमरीची वीज जाते. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडा ठेवून झाकण मिटलं की ४-६ जीबी हलवण्याची वेळ येते. रॅम आधीच भरलेली असेल तर डिस्कलाही कामाला लागावं लागतं. अशा वेळी दोष ड्रायव्हरचा नसतो, प्रोजेक्ट बंद करून झाकण मिटायचं. व्हर्च्युअल मशीनचंही (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या आभासी संगणकाचंही) तेच, आधी तिला स्वतःला ‘सेव्ह’ करा.

ड्रायव्हर अगदीच अडकला तर शेवटी निळी स्क्रीन येते, तिच्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असं लिहिलेलं. ही स्क्रीन दिसली म्हणजे रॅम खराब झाली असं समजून पैसे घालवू नका. एखाद्या ड्रायव्हरने ‘झालं’ म्हणायचं ते म्हटलंच नाही, एवढाच तिचा अर्थ.

आपोआप झोपतच नसेल, म्हणजे नुसता ठेवला तर तासभर जागाच राहत असेल, तर ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ द्या. सगळीकडे ‘नन’ यायला हवं. जिथे नाव येईल तो त्याला जागं ठेवतोय, बहुधा ब्राउझरमधला चालू राहिलेला व्हिडिओ किंवा ऑडिओ स्ट्रीम. झोपून लगेच उठत असेल तर ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’.

हायबरनेट : डिस्कचा हिशेब

इथे सगळा खेळ दोन आकड्यांचा : किती लिहायचंय आणि किती वेगाने. फिरती डिस्क सेकंदाला ८० ते १२० एमबी लिहिते, साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी ५०० च्या आसपास, एनव्हीएमई त्याच्या तिपटीहून जास्त. तेच ३ जीबी फिरत्या डिस्कवर अर्धा मिनिट घेतात आणि साटा एसएसडीवर ६-७ सेकंद. फिरती डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी बसवणं हाच खरा उपाय आहे, आणि तो हायबरनेटपुरता थांबत नाही, सगळाच लॅपटॉप सुटसुटीत होतो.

लिहायचं प्रमाण कमी करणं आपल्या हातात असतं. ब्राउझरचे साठ टॅब बंद करून हायबरनेट करा आणि हायबर पेजेसचा आकडा आधीच्या नोंदीशी ताडून बघा. स्वतःच्या डोळ्यांनी फरक दिसला की सवय आपोआप लागते.

एसएसडी असूनही वेग १०० एमबीच्या आसपास रेंगाळत असेल तर आधी रिकामी जागा बघा. स्वस्त एसएसडीत थोडा भाग वेगवान कॅशसारखा वापरला जातो. ड्राइव्ह भरत आला की तो भाग आक्रसतो आणि लिहिण्याचा वेग फिरत्या डिस्कच्या पातळीवर उतरतो. सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये फिरत्या डिस्कसाठी ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या : बदललेले सेक्टर, संशयित सेक्टर आणि न वाचता येणारे सेक्टर. सी५ शून्याच्या वर असेल तर आजच बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर.

खराब सेक्टरची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हायबरफिल डॉट सिस ही फाइल एकदा बनली की डिस्कवर त्याच जागी राहते, डिफ्रॅगसुद्धा तिला हलवत नाही. तिच्या खाली चार खराब सेक्टर आले तर लॅपटॉप एरवी ठणठणीत चालतो आणि फक्त हायबरनेटच्या वेळी डिस्क त्याच त्याच सेक्टरवर प्रयत्न करत बसते. लक्षण अगदी स्पष्ट : हायबर राइटचा वेळ अवाढव्य, पण फाइल कॉपी करायला वेग नेहमीचा. अशा वेळी ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की फाइल पुसली जाते. मग बॅकअप घेऊन झाला आहे याची खात्री करून सी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवा : ‘सीएचकेडीएसके सी: /आर’. १ टीबीच्या डिस्कला काही तास लागतात, चार्जर लावूनच ठेवा. ते झालं की ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’. खराब जागा वगळून नवी फाइल बनते. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, डिस्क बदलायला झालेली आहेच.

आता फाइलच्या आकाराबद्दल. ती ‘फुल’ प्रकारात रॅमच्या ४० टक्के असते आणि ‘रिड्यूस्ड’ प्रकारात २० टक्के. १६ जीबी रॅमला म्हणजे ६.४ किंवा ३.२ जीबी. जागा वाचवायला कोणीतरी ‘रिड्यूस्ड’ करून ठेवतं आणि पॉवर मेनूतून हायबरनेट गायबच होतं, कारण तेवढी फाइल फक्त फास्ट स्टार्टअपला पुरते. परत आणायला ‘पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल’. उलट रॅम गच्च भरलेली असताना ४० टक्के अपुरे पडले तर हायबरनेट अर्ध्यावर सोडून लॅपटॉप परत डेस्कटॉपवर येतो. तेव्हा ‘पॉवरसीएफजी /एच /साइझ ६०’ देऊन फाइल वाढवा. आकार असा हाताने ठरवल्यावर पुन्हा ‘रिड्यूस्ड’ करायचं असेल तर आधी साइझ ० द्यावा लागतो.

एसएसडी झिजेल म्हणून हायबरनेट बंद करायचा सल्ला अजूनही फिरत असतो. हिशेब करू. दिवसातून तीनदा, दर वेळी ३ जीबी, म्हणजे रोज ९ जीबी आणि वर्षाला साधारण ३.३ टीबी. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर १५० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. हायबरनेट खुशाल वापरा.

उठायला वेळ

बायोस इनिट ड्युरेशन काही सेकंदांचा असेल तर विंडोजमध्ये काही शोधू नका. हायबरनेटमधून उठणं म्हणजे बायोसच्या दृष्टीने नवी सुरुवातच. बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क किंवा यूएसबी पहिलं असेल तर तो आधी तिथे वाट बघतो. अंतर्गत ड्राइव्ह पहिला ठेवा, नेटवर्क बूट बंद करा, बायोसमध्ये ‘फास्ट बूट’ असेल तर चालू करा. बायोस अपडेट करायचाच असेल तर बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) थोड्या वेळापुरता ‘सस्पेंड’ केलेला. नाहीतर पुढच्या सुरुवातीला ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती हाताशी नसेल तर डेटा उघडणार नाही.

ड्रायव्हर इनिट मोठा असेल तर वरचीच चाळण लावायची. सगळे आकडे छान आहेत, पासवर्डही लगेच टाकता येतो, पण पुढची दोन मिनिटं लॅपटॉप जड चालतो, हा प्रकार निराळा. झोपेत राहून गेलेली कामं एकदम जागी होतात : अपडेट, क्लाउड फोल्डरचं सिंक, अँटीव्हायरसचं स्कॅन. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’ स्तंभावर क्लिक करा, वर येईल तो कारणीभूत.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. विंडोज हायबरनेट असताना, किंवा फास्ट स्टार्टअपने ‘बंद’ असताना, लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर काहीही लिहू नका. विंडोज उठल्यावर त्याच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क जुळत नाही आणि फाइल्स खराब होतात. अशा लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप बंदच हवा.

तापलेली बॅग

मॉडर्न स्टँडबायसाठी ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’. मागच्या ३ दिवसांचा अहवाल एका एचटीएमएल फाइलमध्ये तयार होतो, ती कुठे ठेवली हे टर्मिनल सांगतं. त्यात प्रत्येक झोपेची एक पट्टी असते. पट्टीवर क्लिक केलं की ‘ड्रिप्स’चा टक्का दिसतो, म्हणजे झोपेतला किती वेळ लॅपटॉप खरोखर गाढ झोपला होता. रात्रभरच्या झोपेत हा टक्का नव्वदीत हवा. खाली पाच जास्तीत जास्त खटपट्या उपकरणांची नावं येतात. तिथे वाय-फाय, ऑडिओ किंवा यूएसबी कंट्रोलर लाल दिसला तर त्याच्याच ड्रायव्हरवर काम करा. तासाला १ टक्क्याच्या आसपास बॅटरी उतरली तर चालवून घ्यावं, ४-५ टक्के उतरत असेल तर काहीतरी जागं आहे.

पॉवर ऑप्शन्समध्ये झाकणाला बॅटरीवर असताना स्लीपऐवजी हायबरनेट द्या. हा पर्याय दिसत नसेल तर ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’ द्या. पॉवर मेनूतही हवा असेल तर ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ मध्ये ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दाबून हायबरनेटवर टिचकी मारा. एनव्हीएमई एसएसडी असेल तर उठायला ८-१० सेकंद जास्त लागतात, पण गर्दीच्या लोकलमध्ये तीन माणसांच्या मध्ये चेपलेल्या बॅगेत लॅपटॉप तापत नाही. लिथियम बॅटरीसाठी ती गरमी वाईट असते. लॅपटॉप बॅगेत जाणार असेल तर हायबरनेटच, यावर मी तडजोड करणार नाही.

रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातली) एक किंमत बदलून एस३ जबरदस्तीने परत आणायची युक्ती सांगितली जाते. बायोसमध्ये एस३ शिल्लक असेल तरच ती चालते. नसेल तर स्लीपचा पर्यायच जातो किंवा लॅपटॉप झोपून उठत नाही. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये पॉवरच्या पानावर ‘स्लीप स्टेट’ असा पर्याय आहे, तो असेल तर तिथूनच बदला.

लिनक्सवर

मेम_स्लीप (मध्ये अंडरस्कोअर) नावाची फाइल, सिस फोल्डरमधल्या पॉवरमध्ये, वाचा. चौकटी कंसात ‘डीप’ असेल तर एस३, ‘एस२आयडल’ असेल तर डुलकी. झोपायला बरोबर २० सेकंद लागून लॅपटॉप परत जागा होत असेल तर तो आकडा योगायोग नाही : कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळे प्रोसेस गोठवायला २० सेकंदच वाट बघतो आणि मग नाद सोडतो. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, ‘फ्रीझिंग’ आणि ‘फेल्ड’ हे शब्द असलेली ओळ आणि अडून बसलेल्या प्रोसेसचं नाव असतं, बरेचदा संपर्क तुटलेला नेटवर्क फोल्डर. तो अनमाउंट करा. हायबरनेटचा पर्यायच नसेल तर सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) चालू आहे का बघा. त्याच्यासोबत येणारं कर्नलचं लॉकडाऊन हायबरनेट बंद ठेवतं.

दुरुस्ती झाली असं वाटलं की एकदाच झोपवून खूश होऊ नका. एका वेळी एकच बदल, मग रीस्टार्ट, मग पाच वेळा झोपवणं-उठवणं, आणि प्रत्येक वेळचे स्लीप, वेक आणि ड्रायव्हर इनिट हे तीन आकडे कागदावर. त्यातली एक झोप चार्जरवर, एक बॅटरीवर, आणि एक रात्रभराची. पाच मिनिटांच्या झोपेत न दिसणारा दोष सात तासांनंतरच्या उठण्यात दिसतो, विशेषतः वाय-फाय कार्ड आणि बाहेरच्या मॉनिटरच्या बाबतीत.